आम्ही तिघं का येत नाही

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (माझी कंबर महिनाभर धरली असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली दोन टेकली असं समज.) गेल्या वर्षापासून तुझ्या नावाआधी काय लिहावं हे कळत नाही, म्हणून नुसतं ‘प्रिय’ लिहिलं आहे. मोठ्या बहिणीला ते शोभतं की नाही हे तू ठरव. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हटल्यावर तू मुद्दाम जिने चढतेस, हे मला इथे बसून दिसतं. आम्ही सगळे ठीक. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू दर दोन मिनिटांनी ‘बरं, मुद्द्यावर ये’ म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, त्यामुळे आज सवडीने सांगतो.

मुद्दा पहिल्यांदाच सांगून टाकतो: सुट्टीत आम्ही तिघं तुझ्याकडे येणार होतो, ते येत नाही. तू गाद्या उन्हात घातल्या असशील तर पुन्हा आत घे. आता कारणं.

तुला माहीतच आहे, तुझ्या वहिनीने अकरा वर्षांपूर्वी ते पॉइंटवालं कार्ड घेतलं. ग्रंथालयातून घरी येताना एका दुकानाच्या दारात टेबल टाकून बसलेल्या मुलीने तिला सांगितलं की या कार्डावर काहीही विकत घ्या, पॉइंट मिळतील आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट फुकट. आयुष्यभर फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे लावणाऱ्या बाईला एवढं पुरे झालं. फाटकं जपून ठेवलं की त्यातून काहीतरी उभं राहतं यावर तिचा विश्वास आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात साबणाची वडीसुद्धा विमानाकडे बघून विकत घेतली गेली. मित्रमंडळी कुठे जेवायला जमली की ही बिलावर झडप घालायची, कार्ड पुढे करायची आणि मग टेबलाभोवती फिरून सगळ्यांकडून रोख गोळा करायची. (नवीन माणसांना वाटायचं, बाई हॉटेलात कामाला आहे.) शेजाऱ्यांचं कपडे धुण्याचं मशीन, माझ्या साहेबांच्या मुलाची सायकल, कंपनीसाठी लागणारं ग्रीस, सगळं हिच्या कार्डावर. मंगळवारी पेट्रोलवर दुप्पट पॉइंट असायचे. आमच्याकडे गाडी नाही. तरी ही मंगळवारी पंपावर दिसायची, ओळखीच्या कुणाची ना कुणाची टाकी भरून देत.

असं अकरा वर्षं करून यंदा तिघांचं जाण्यायेण्याचं तिकीट निघेल एवढे पॉइंट झाले. तेही योग्य वेळी, कारण वर्षअखेरीला त्यातले निम्मे बाद होणार होते. कन्येने भिंतीवर नकाशा लावला आणि तुझ्या गावावर टाचणी टोचली. (टाचणी जरा आत गेली, मागच्या भिंतीचा पोपडा निघाला. ते वेगळं.) तुमच्याकडच्या भाषेत ‘माझं पोट दुखतंय’ आणि ‘हा माझा बाबा नाही’ अशी दोन वाक्यं तिने पाठ केली. दुसरं कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाली, ‘वेळ सांगून येत नाही.’

पण पॉइंट असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. ज्या दिवशी जायला जागा असे, त्या दिवसाच्या आदल्या सोमवारी परत यायला जागा असे. एकदा तिघांनाही जागा मिळाल्या, पण तीन वेगवेगळ्या दिवशी. एकदा सगळं जमलं, तर मध्ये चौदा तास एका विमानतळावर थांबायचं होतं, आणि नकाशावर बघितलं तर तो तुझ्या बरोबर विरुद्ध दिशेला निघाला. शेवटी हेल्पलाइनला फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण लिफ्टदुरुस्तीचं माझं काम असं आहे की हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे.

तो फोन मी लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून लावला. सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये, लिफ्ट ज्यांना धरून सरकते त्या लोखंडी पाट्यांना तेल घालत होतो. फोन खिशात, स्पीकर चालू. ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं सांगून त्यांनी जे संगीत लावलं ते दोन तास चाळीस मिनिटं थांबलं नाही. शाफ्ट म्हणजे उभा बोगदाच, त्यात ते असं घुमलं की प्रत्येक मजल्यावरच्या दारातून ऐकू जाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी त्या इमारतीच्या व्यवस्थापकांचं आमच्या कंपनीला पत्र: लिफ्टमध्ये संगीताची सोय केल्याबद्दल आभारी आहोत, रहिवासी खूश आहेत, दुसऱ्या लिफ्टलाही हीच सोय व्हावी. साहेबांनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, प्रयोग चालू आहे.

पुढच्या पाच फोनांत मला एकच बाई भेटत गेली. तिला मी मनात पॉइंटवाली म्हणतो. तिसऱ्या फोनला तिने मला आवाजावरून ओळखलं. ‘आज कितव्या मजल्यावर आहात?’ म्हणाली. (मी म्हटलं, तळघरात. ती म्हणाली, मग आज आवाज नीट येईल.) तिनेच एका गुरुवारी तीन जागा शोधून काढल्या, एकाच विमानात, एकाच रांगेत. अठ्ठेचाळीस तास राखून ठेवते, घरी विचारा आणि कळवा, असं म्हणाली. घरी विचारायचं काय होतं? त्या संध्याकाळी आमच्याकडे नुसता गोंधळ. कन्या खिडकीच्या जागेवरून माझ्याशी भांडत होती. मला ती नकोच होती, पण फुकट सोडायची नाही म्हणून मीही भांडत होतो. ताई, तुला खरं सांगायला हरकत नाही: आमच्या लिफ्टला पाच दोर असतात. एक तुटला तर चार, आणि सगळे तुटले तर खाली ब्रेक. विमानाला वरून एकही दोर नाही. मी चौकशी केली आहे.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिवणवाली खाली आली. तिच्याबद्दल तुला कधी लिहिलं नसेल. तिशी-पस्तिशीची आहे, एकटी राहते, हॉस्पिटलच्या लोकांचे गणवेश शिवते. बोलते कमी. तिचं माहेर तुझ्यासारखंच समुद्रापलीकडे, पण वेगळ्या बाजूला. ती आमचे पडदे आखूड करून घेऊन आली असेल असं वाटलं, पण हात रिकामे होते. तुझ्या वहिनीला म्हणाली, ‘तुमच्या संगणकावर एक तिकीट बघायचं होतं. माझी आई पडली. डॉक्टर म्हणाले, यायचं तर लगेच या.’

आम्ही तिला खुर्ची दिली. कन्येने स्वतःहून आमच्या जागांचं पान बंद केलं. दुसऱ्या दिवशीचं तिकीट पडद्यावर आलं. किमतीचा आकडा मी इथे लिहीत नाही. तिने तो दोन वेळा वाचला, मग पडद्यावरची धूळ बोटाने पुसली आणि म्हणाली, ‘बरं. बघते मग.’ आभार मानून वर गेली. आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.

जरा वेळाने वरून शिवणाच्या मशीनचा आवाज सुरू झाला. वहिनी तुझी म्हणाली, बरं झालं, कामात मन गुंतेल. पण ताई, तीस वर्षं मी मशीनांचे आवाज ऐकतोय. सुईखाली कापड असलं की आवाज जड येतो, मध्ये थांबतो, कापड वळवावं लागतं. हे मशीन थांबत नव्हतं. सुईखाली काहीच नव्हतं. ती नुसतं पायडल मारत होती.

मी ते बोलून दाखवलं नाही. पण माझं तोंड वाचायला तुझ्या वहिनीला पाठ केलेलं वाक्य लागत नाही. ‘काय झालं?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘कापड नाहीये.’ ती वर छताकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि दहा मिनिटं आतून भांड्याचा आवाजही आला नाही. अकरा वर्षं, ताई. मंगळवारचे पंप. लोकांच्या हसण्याचं तिला काही वाटत नाही असं मी समजत होतो. त्या दहा मिनिटांत मला कळलं की वाटत होतं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात कार्ड होतं. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘तूच कर फोन. ती बाई तुला ओळखते.’

कन्या मात्र चिडली. ‘मग आत्याकडे कधी?’ असं तिने विचारलं. दार आपटून आत गेली. मी तिला दोष देत नाही, मला स्वतःला कुठलं तरी दार आपटावंसं वाटत होतं.

पॉइंटवालीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘उद्याच्या विमानात साधी जागा एकही नाही. पुढची, झोपून जायची एक आहे. जाऊन-येऊन दोन माणसांचे पॉइंट जातील. तुमच्या तीन जागा सुटतील. नक्की ना?’ मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, ‘लाइन सोडू नका.’ त्या दिवशी तिने संगीत लावलं नाही. तिच्या टायपिंगचा आवाज मला ऐकू येत होता.

मी वर जाऊन दार वाजवलं आणि शिवणवालीला तिकिटाचा कागद दिला. काही भाषण तयार केलं होतं, ते राहिलं. तिने कागद वाचला आणि म्हणाली, ‘भाऊ, हे मी कसं फेडू?’ मी म्हटलं, हे पैसे नाहीत, पॉइंट आहेत, साबण घेतल्याचे. जिन्यात मागे वळलो तर आमची कन्या तिची नवी कोरी बॅग ओढत वर येत होती. तोंड अजून फुगलेलंच. शिवणवालीपुढे बॅग उभी केली आणि म्हणाली, ‘तुमच्याकडे मोठी नसेल. चाकं चांगली आहेत, फक्त डावीकडे ओढते.’

तर ती गेली. आडवं होऊन जायच्या जागेवर सगळा प्रवास ताठ बसून गेली, असं तिनेच नंतर सांगितलं. आई नऊ दिवस होती, आणि त्यातले सहा दिवस चांगली बोलत होती. महिन्याभराने ती परत आली. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक कापडाची तिने दुरुस्ती चालवली आहे. नको म्हटलं तरी ऐकत नाही. माझ्या सगळ्या विजारी मापात आल्या आहेत आणि त्यामुळे साहेबांना वाटतंय की मी दुसरी नोकरी शोधतोय.

अशी सगळी हकीकत. आता तूच सांग, आम्ही तिघं कसे येणार? रागावू नकोस. गुडघ्याला जप. वहिनीचा नमस्कार, कन्येचा दोन्ही वाक्यांसकट नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. — तिघांतून दोघांचे गेले की एकाचे उरतात, हे गणित तू एव्हाना केलं असशील. त्या एकावर कोण जाणार यावर घरात मतदान झालं. मी कन्येचं नाव सुचवलं, मग वहिनीचं. दोघींनी माझं. दोन विरुद्ध एक. पॉइंटवालीने पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेची जागा दिली आहे. माझ्यासाठी तिने मधल्या रांगेतली निवडली, खिडकीपासून लांब. मी न सांगता. गाद्या आत घेतल्या असशील तर एक बाहेर काढ.

ता. क. दुसरा — भावजी गेले तेव्हा मी तुला रजा मिळाली नाही असं कळवलं होतं. रजा मिळाली होती. साहेबांनी न मागता आठ दिवस दिले होते. तिकीट काढलं होतं, विमानतळावर गेलो, सामान दिलं, आतल्या बाकावर बसलो. माझं नाव तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा मी ऐकलं. मग ते विमान माझी बॅग शोधून खाली उतरवेपर्यंत थांबलं आणि गेलं. विमानाची भीती वाटली, असं मी तुझ्या वहिनीला सांगितलं आणि ते खोटं नाही. पण तेवढंच खरं नाही. त्या घरात तुला एकटीला बघायचं धैर्य झालं नाही. वरचं मशीन रिकामं चाललेलं ऐकलं तेव्हा मला वाटलं, तिकडे तूही त्या आठवड्यात असंच काहीतरी रिकामं चालवत बसली असशील, आणि खाली ऐकायला कुणी नव्हतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा — सतरा तारखेला विमानतळावर ये. जवळ घे, काय ते कर, पण पहिल्या दिवशी या विषयावर बोलू नकोस, मला जेवू दे आणि झोपू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला समोर बसव आणि लहानपणी रागवायचीस तशी रागव. चांगली तासभर रागव. मध्ये कुणी आलं तर थांबू नकोस. मी तेवढ्यासाठीच येतोय.