सरजाआजींची पांढरी साडी

५ जानेवारी, रविवार

नाही म्हणायला हवं होतं. पण म्हटलंच नाही!

उमरीचे आनंदराज सर आज अब्बूंच्या स्टुडिओत आले. तिथल्या शाळेत गणित शिकवतात. सोबत आईचा, सरजाबाईंचा, तरुणपणीचा फोटो. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. घरातले बाकीचे सगळे फोटो पुरात गेले, हा तेवढा वाचला, तोही अर्धाच. आजींच्या डोळ्याचा पडदा खराब झालाय. समोरचं दिसत नाही, कडेनं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल.

"आई रोज हा फोटो हातात घेऊन बसायची. आता नाकाला लावला तरी दिसत न्हाई. नजर जाता जाता एकदा नीट दिसावा, एवढंच."

अब्बूंनी स्कॅन करून मोठा केला. डागच मोठे झाले! मग माझ्याकडे बोट दाखवून मोकळे — "आमची जेबा वॉटरकलर करते. तिला द्या."

मी आजवर काय केलंय? चिमण्या. गंजगोलाईचा चौक. आमच्या गच्चीवरची कुंडी, चार वेळा.

६ जानेवारी

फोटो टेबलावर ठेवून बसले. पांढऱ्या साडीतली बाई, विशीतली. मान खाली. गळ्यात काही नाही. उजवीकडे पाण्यानं सगळं खाल्लंय. डागाच्या काठावर, खालच्या बाजूला, काहीतरी करडं, बोटांएवढं.

सर बोलता बोलता म्हणाले होते, मी चार वर्षांचा असतानाच वडील — लिंबाजी — वारले. वडिलांचा एकही फोटो नाही घरात.

पांढरी साडी, खाली मान. अजून काय विचारायचं?

९ जानेवारी

मोठा कागद घ्यायच्या आधी हाताएवढे सहा आराखडे केले. अब्बूंचं एकच चालू — "छापू नको गं, छापायला माझं मशीन हाय. डोळे किलकिले करून बघ. जे उरतं ते काढ." फोटो काढण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस मला फोटो विसरायला सांगून राहिला!

पण बरोबर आहे. साडीच्या चुण्या सोडल्या. मागची कापडी कनात सोडली. तो करडा डागही सोडला. मधोमध बाई बसवली. कागद आधी ओला करून निळा आणि राखाडी सोडला, साडीवरून खाली ओघळू दिला. खांदे फोटोतल्यापेक्षा जास्त पाडले.

अब्बू म्हणाले, "दुःख लई छान उतरलंय." मी दिवसभर फुगून होते.

१४ जानेवारी

संक्रांत. समोरच्या काकूंचा तिळगूळ. ब्रश पाण्याऐवजी चहात बुडवला. चहा तरी प्यालेच.

१९ जानेवारी, रविवार

लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.

नांदेडपर्यंत बस, पुढे उमरी. चित्र मांडीवर, मूळ फोटो पिशवीत. सरजाआजी उंच आहेत, ताठ. चित्राकडे सरळ बघत नाहीत — मान कलती करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, कोंबडी बघते तसं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या —

"ह्याच्यात कोन मेलंय गं पोरी?"

आनंदराज सर घाईघाईनं म्हणाले, "अहो मॅडम, लग्नातला फोटो हाय तो! आमच्यात, बौद्धांच्यात, लग्नात पांढरंच नेसतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

लग्न! आणि मी बाईला विधवा करून, चौकटीत घालून, मांडीवर घेऊन आले!

आजी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चित्राच्या उजव्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. वर. खाली. परत वर.

"आन् ह्यांचा हात कुठं गेला?"

तो करडा डाग. डाग नव्हताच. लिंबाजींचा हात होता, हार घालायला पुढे आलेला.

"मग आजी, मान का खाली?"

"मी ही अशी खांबासारखी. ते बुटके. मान वाकवली नसती तर हार नाकावरच अडकला असता!" आणि हसल्या, पदर तोंडाला लावून. "समदा मांडव हसून राहिला व्हता. झेंडू व्हता, पिवळाधम्मक. बांधावरला. त्यांनीच ओवला."

सर माझ्या हातातल्या फोटोकडे बघत उभे होते. पन्नाशीला आलेला माणूस. "मी पण डागच समजायचो," म्हणाले. "वडिलांचं काहीच न्हाई आपल्याकडे, असंच समजायचो."

२० जानेवारी

शरम वाटते. आमच्या गल्लीच्या पलीकडे बौद्ध वस्ती. माझा जन्म इथलाच. एकाही लग्नात मांडवाच्या आत गेले नाही. बाहेरून जेवणाचा वास तेवढा ओळखते. आणि लोकांचे फोटो बघून त्यांच्या मनातलं रंगवायला निघाले, मोठी शहाणी!

आधी विचारायचं, मग ब्रश उचलायचा. आराखड्यांच्या वहीवर पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

२३ जानेवारी

तीन कागद वाया. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच कोरा सोडायचा. एकदा चुकून रंग गेला की गेला. साडी सोडायला जाते आणि हात भितो, मध्येच निळं लावून बसते.

सरांनी स्वतःचा फोटो पाठवलाय. "मी वडिलांसारखा दिसतो म्हणतात. उपयोग होतो का बघा." मोह झाला. लिंबाजींचा चेहरा करून टाकावा, आजी खूश होतील. अब्बूंना विचारलं.

"नक्को बेटा. त्यांचा चेहरा तिला ठाऊक हाय. तुला न्हाई."

२५ जानेवारी

सापडलं!! बहुतेक.

आराखडा दाराला चिकटवला आणि आजींसारखी मान कलती करून, त्याच्याकडे न बघता बघितलं. नाक गेलं, डोळे गेले, बोटांची नखं गेली — जे काढायला मी दोन दिवस घातले ते सगळं गेलं. उरलं काय? पांढरा मोठा आकार आणि त्याच्याजवळचा एक रंग. बस्स.

म्हणजे चित्र माझ्या डोळ्यांसाठी काढायचंच नाही. इतकं सोपं होतं आणि मी नखं काढत बसले!

२८ जानेवारी

झालं. मागे गडद हिरवा, जवळजवळ काळा, भीती न बाळगता एका दमात. साडी पूर्ण कोरी. हात फोटोतल्यापेक्षा तिप्पट मोठा, खालून वर आलेला. बाकी लिंबाजी नाहीत, फोटोत त्यांची जागा पाण्यानं खाल्ली होती तिथेही कागद कोराच सोडला. साडीचं पांढरं आणि ते पांढरं एकमेकांत गेलंय.

हार ओल्या कागदावर एकाच फटक्यात. पिवळा पळाला, साडीवर उतरला. पुसायला फडकं उचललं आणि थांबले. राहू दे.

अब्बू बघून चष्मा पुसत बसले.

१ फेब्रुवारी

सरांचा फोन. आवाज बसलेला. काल ते शाळेतून घरी आले तर आजी म्हणाल्या, "कोन हाय?" बोलल्यावर ओळखलं.

पहिलंच चित्र नीट केलं असतं तर दोन आठवडे आधी पोचलं असतं. दोन आठवडे! तेव्हा त्यांना दिसत होतं.

उद्या जाते. काहीही होवो.

२ फेब्रुवारी, रविवार

परतीच्या गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. आजींनी मान कलती केली. तशाच बसून राहिल्या. सर माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, संपलं, उशीर झाला.

मग त्या उठल्या. पदर सारखा केला. हातानं न चाचपडता, सरळ चित्राच्या त्या पिवळ्यापाशी गेल्या — आणि हसत मान खाली वाकवली. हार गळ्यात पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.