सभात्याग करणाऱ्याची मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा आमदारकी (आता बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सभागृहात होतो तेव्हा असा दाखला कोणी मागितला नाही, हे माझं नशीब.

कलम १. बँकेतील शिल्लक व मोटार चिरंजीवांस द्यावी. अट एकच, त्यांनी ती निवडणुकीत घालू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही, असं वकीलसाहेब म्हणतात. न टिको, त्यांनी वाचली तरी पुष्कळ झालं.

कलम २. माझा घोषणांचा भोंगा भंगारात द्यावा. पक्षाचे लोक आठवण म्हणून मागायला येतील. त्यांना चहा द्यावा, भोंगा देऊ नये.

कलम ३. आरामखुर्ची समोरच्या बाकावरच्या माझ्या वैऱ्यास द्यावी. त्याला सगळे मिशा म्हणतात. आत आम्ही एकमेकांच्या उरावर बसायचो आणि मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर भजी खायचो. लोकांना वाटायचं, आपल्यासाठी भांडताहेत. मिशा, कोनशिलेच्या प्रकरणात तूही कमी नव्हतास, पण काडी मी टाकली होती.

कलम ४. माझा राहता बंगला माझ्या पश्चात सरकारी दवाखान्यास बाळंतिणींच्या खोलीसाठी द्यावा. व्यवस्था माझी थोरली बहीण पाहील. चिरंजीवांनी आदळआपट करू नये. कारण सांगतो.

बंगला दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे. रस्ता, पाणी, वीज सगळं बंगल्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ताई त्या दवाखान्यात परिचारिका होती. गळक्या छपराखाली, एका टेबलावर ती बाळंतपणं करायची. रोज मला म्हणायची, "नान्या, एक खोली दे रे, बाकी काही मागत नाही." शेवटी मी त्या खोलीसाठी सभागृहात लक्षवेधी सूचना दिली. तीन अधिवेशनं ती मागे पडत गेली. चौथ्यात नंबर लागला, तेव्हा ताई रजा काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत येऊन बसली. डबाही घेऊन आली होती, माझ्यासाठी.

त्या दिवशी सभागृहाच्या नव्या इमारतीच्या कोनशिलेवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावर रण माजलं. अख्खा आठवडा त्यातच गेला होता. मी भोंगा घेऊन उठलो आणि आमच्या बाजूच्या सगळ्यांना बाहेर काढलं. पायऱ्यांवर फोटो झाले. आमच्यात सभात्याग म्हणजे मोठा पराक्रम. पण सूचना देणारा जागेवर नसला की ती रद्द होते, हा नियम मला पाठ होता, आणि त्या भर उन्हात मला तो आठवला नाही. आत माझं नाव दोनदा पुकारलं. ताईने ते ऐकलं आणि रिकामी खुर्ची पाहिली.

पुढच्याच महिन्यात एका अडलेल्या बाईला शहरात न्यावं लागलं. ती गाडीतच गेली, ताईच्या मांडीवर. पोटातलं बाळही गेलं. ताई माझ्याशी भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून ती मला साहेब म्हणते. विरोधकांनी आयुष्यभर शिव्या दिल्या, त्यातली एकही लागली नाही. ही रोज लागते. नंतर आमचंही सरकार आलं, त्यांचंही आलं. कोनशिला बसली. खोली झाली नाही. मला लाज वाटते, आणि ती सांगायला मी मृत्युपत्र शोधलं, याचीही वाटते.

कलम ५. माझ्यासाठी शोकप्रस्ताव आणून सभागृह तहकूब करू नये. मी जिवंतपणी पुष्कळ तहकूब केलं आहे.

सह्यांपूर्वीची नोंद. मृत्युपत्र वाचायला ताईला बोलावलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, कलम ४ पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "साहेब, बंगला तुमचाच आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुम्ही मरेपर्यंत बायकांनी कुठे जायचं?"

वकीलसाहेब खाली बघू लागले. कलम ४ माझ्या हाताने खोडलं आहे. वकीलसाहेब शेजारच्या टेबलावर दवाखान्याच्या नावे बंगल्याच्या बक्षीसपत्राचा मसुदा लिहीत आहेत. तो आजच नोंदवायचा आहे, कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी असते. या कागदात ताईकडे आता कसलीच व्यवस्था उरली नसल्याने ती साक्षीदार म्हणून चालते. सही करून ती खालच्या खोलीत गेली आहे. बाळंतपणाला उजेड तिथे चांगला येतो म्हणते. माझा पलंग ती एकटीच ओढते आहे, तेव्हा मला उठलं पाहिजे.

लिहून देणार : (सही) माजी आमदार
साक्षीदार : १. (सही) थोरली बहीण, निवृत्त परिचारिका
२. (सही) वकील
ठिकाण : दवाखान्यामागचा बंगला
तारीख : आजची