रताळं, कोनफळ आणि तुझा रिपोर्ट

प्रिय सौभाग्यवतीस,
कंदमूलभक्षी नवऱ्याचा सप्रेम नमस्कार.

काल रताळी समजून आणली ती कोनफळं निघाली. सोलताना हात खाजले आणि तासभर उकडूनही ती गोड होईनात. फोनवर तू भाष्यकाराच्या थाटात फरक समजावलास: रताळ्याची साल पातळ, कोनफळाची जाड आणि केसाळ, रताळं गोड, कोनफळ पिठूळ. मग मी तुझ्या गाठीच्या रिपोर्टचं विचारलं, तर म्हणालीस, "अहो, आधी हात धुवा!"

धुतले. तेव्हापासून खोलीत येरझाऱ्या घालतोय. खालचा शेजारी छताकडे बघून शिव्या देत असेल.

आई वेळेवर जेवते ना? आणि तू?

रिपोर्ट गोड असो वा नसो, सालीसकट सांग. सोलायला मी येतोय, तिकीट काढलंय.

तुझाच,
कंदपरीक्षेत नापास