मुहूर्त झाला, शूटिंग बाकी

२ सप्टेंबर
शेवटचं सत्र सुरू. तिसऱ्यांदा. आजपासून रोजनिशी नियमित लिहायची. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहितो: अख्ख्या फिल्म डिपार्टमेंटमध्ये माझ्यासारखी नजर कुणाला नाही.
नोव्हेंबरअखेर पदवीच्या फिल्म्स दाखवतात. फिल्म नाही तर पदवी नाही. माझी ठरली आहे. बारा मिनिटं, एक माणूस समुद्राकडे पाठ करून उभा. आमच्या गाइड मेंग मॅडमनी विचारलं, पुढे काय होतं? म्हटलं, काहीच होत नाही, तेच तर. त्या बराच वेळ चहाच्या कपात बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.
गावी, तोंग्योंगला, आईला फोन करून सांगितलं, यंदा नक्की.

५ सप्टेंबर
ओक सेरिन आली होती. दोन वर्षांनी ज्युनिअर, पण आता माझ्याच वर्गात. शनिवारी तिचं शूटिंग, बूम धरायला माणूस हवाय. बूम म्हणजे लांब काठीला माईक, तो डोक्यावर धरून तासन्‌तास उभं राहायचं. इथं सगळी सावड चालते: तू माझ्या शूटिंगला ये, मी तुझ्या शूटिंगला येतो. मी नम्रपणे सांगितलं, दिग्दर्शकानं हात जपायचे असतात. म्हणाली, दादा, हात सर्जनचे जपतात.
फिल्म कशावर काढतेय, तर मासळीबाजारावर!

१९ सप्टेंबर
युनिट जमत नाही. कॅमेरावाला बिझी, लाइटवाला बिझी. जळतात सगळे.
दुपारी युक्ती सुचली. मुहूर्ताची पूजा घालायची. इथल्या रीतीनं शूटिंग निर्विघ्न व्हावं म्हणून टेबलावर डुकराचं मुंडकं मांडतात, सगळे त्याला दंडवत घालतात. एकदा माझ्या डुकरापुढे डोकं टेकलं की माणूस माझ्या युनिटमध्ये आला. साधा हिशेब आहे.

२३ सप्टेंबर
मुंडकं घ्यायला बाजारात. हसरं हवं, ते शुभ. दुकानातल्या आजींनी तीन काढली. एक खिन्न, एक मेंग मॅडमसारखं संशयी, तिसरं मात्र दिलखुलास हसत होतं. तेच घेतलं. आजी म्हणाल्या, मागच्या वर्षीही तूच आला होतास ना रे? म्हटलं, तो दुसरा कुणीतरी.

२६ सप्टेंबर
पूजा दणक्यात! खोली भरली. रीतीप्रमाणे डुकराच्या तोंडात नोटा खोचल्या गेल्या. एकानं कॉफीचं कूपन खोचलं, हरकत नाही. सेरिननंही दंडवत घातला आणि भाताच्या वड्या दोनदा घेतल्या. मी भाषण केलं.
आईला फोटो पाठवले. ती म्हणते, दोन्ही मामा आणि मावशीही येणार फिल्म बघायला. मिनीबस ठरवतायत.

४ ऑक्टोबर
शूटिंगचा पहिला दिवस. पहाटेपासून किनाऱ्यावर. मी, कॅमेरा आणि समुद्र. बाकी कुणी नाही. फोन केले. सगळ्यांचं एकच, दादा, आम्ही जेवायला आलो होतो.
खाल्ल्या डुकराला जागणारी माणसं राहिली नाहीत.

५ ऑक्टोबर
ठरवलं, एकट्यानं करायचं. कॅमेरा स्टँडवर लावला आणि समोर स्वतः उभा राहिलो, समुद्राकडे पाठ करून. पाठ असल्यामुळे लाट दिसली नाही. ती आधी मला भेटली, मग कॅमेऱ्याला. कॅमेरा डिपार्टमेंटचा.

१३ ऑक्टोबर
मेंग मॅडमनी बोलावलं. दुरुस्ती होईपर्यंत मला डिपार्टमेंटचं सामान बंद. म्हणाल्या, मुनसंग, तू सांगतोस फार छान. एकदा करून बघ. (म्हणजे संकल्पना आवडलीये.)
सेरिनकडे स्वतःचा कॅमेरा आहे. म्हणाली, आधी दोन आठवडे बूम धरा, मग कॅमेरा तुमचा, माणसंही तुमची. तत्त्वाचा प्रश्न होता. हो म्हटलं.

२२ ऑक्टोबर
खांदे गेले. अंगाला बांगड्याचा वास. दिवसभर एकच, काठी खाली येतेय दादा, वर, वर!
आज सेरिनच्या फिल्ममधली मासळीवाली नवऱ्याला शिव्या घालता घालता अचानक रडायला लागली. बराच वेळ रडली. मी काठी तसूभर हलू दिली नाही. उगाच आपली नोंद.

९ नोव्हेंबर
सेरिननं शब्द पाळला. कॅमेरा आणि चार माणसं वेळेवर किनाऱ्यावर हजर. एकजण समुद्राकडे पाठ करून उभाही राहिला.
आधी ढग पटेना. मग ऊन. माणसाला दोन पावलं डावीकडे घेतलं, परत उजवीकडे. दुपारी सेरिन जवळ येऊन हळूच म्हणाली, दादा, तुम्ही नुसतं 'सुरू' म्हणा, बाकी आम्ही बघतो. शब्द अगदी तोंडाशी आला होता. पण 'सुरू' म्हटलं आणि फिल्म वाईट निघाली तर? मग काय सांगायचं?
अंधार पडला. त्यांनी सामान आवरलं. शिव्या तरी द्यायच्या होत्या.

२० नोव्हेंबर
आईला उद्या सांगतो.

२४ नोव्हेंबर
आज सांगणारच होतो. तिनं नवा कोट घेतलाय म्हणाली. उद्या नक्की.

२८ नोव्हेंबर
मिनीबस आली. आईच्या हातात फुलांचा हा एवढा गुच्छ. प्रत्येक फिल्म सुरू झाली की ती गुच्छ सरळ धरायची, संपली की मांडीवर ठेवायची. मी दर वेळी म्हणायचो, पुढची.
शेवटची फिल्म सेरिनची. मासळीवाली रडली तेव्हा आईही रडली. मग नावं आली. सगळ्यात खाली, बूम: प्यो मुनसंग. धाकटे मामा ओरडले, आलं रे आलं!
दिवे लागले. आईनं विचारलं, तुझी कुठली रे? म्हटलं, हीच. म्हणजे हिच्यात मी काठी धरली होती. माझी झालीच नाही.
आईनं मांडीवरचा गुच्छ उचलला. मग उठली, सरळ सेरिनकडे गेली आणि गुच्छ दोन्ही हातांनी तिला दिला. म्हणाली, पोराला कामाला लावलंस, पोरी, उपकार झाले. आणखी काही असलं तर सांग, उचलायला-धरायला चांगला आहे तो. सेरिन म्हणाली, आहे ना, रविवारी सहाला बंदरावर.
मी म्हटलं, विचार करून कळवतो.
तोवर आई तिला विचारत होती, डबा द्यावा लागेल का.