इवानची अर्धी ओळ

लेस्टर, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

...आणि इवान पुन्हा अर्ध्या ओळीवर थांबला. उरलेली अर्धी मार्कोची. क्रोएशियात ही रॅपवाली जोडी गाजली ती अशीच. इवानने ओळ सुरू करायची, मार्कोने यमकावर संपवायची. मग एका बिशपवर गाणं केलं आणि रेडिओने बंदी घातली. मार्कोने टीव्हीवर माफी मागितली, इवानने नाही. म्हणून मार्को उद्या लंडनच्या स्टेजवर, आणि इवान आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू.

"उद्या तो मला स्टेजवर बोलावेल," इवान म्हणाला.

"तसं कळवलंय?"

"माझ्याशिवाय ओळ सुरू कोण करणार?"

मी लॅपटॉप उघडून मार्कोच्या मागच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. इवानची अर्धी ओळ प्रेक्षक म्हणत होते, सगळे एका आवाजात. मार्को हसत हसत ती पुरी करत होता.

"त्याचं काही अडत नाही, इवान."

तो उठून वर गेला.

"अहो, उद्यापर्यंत तरी दम धरायचा," सुमन म्हणाली.

खरं तेच दाखवलं, मी म्हणालो. पण व्हिडिओ मला महिनाभर ठाऊक होता. मग आजच का? रोज संध्याकाळी ती अर्धी ओळ ऐकून कंटाळलो होतो म्हणून? आणि तो बघत असताना मी पडद्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

रविवार. इवान सकाळच्या ट्रेनने लंडनला गेला. प्रेक्षकांत उभा राहून आपली अर्धी ओळ म्हणणार आहे, असं सुमनला सांगून गेला. माझ्याशी बोलला नाही.