माळ्यावरची तीन पिल्लं

४ एप्रिल १९९६, पळसदेव
इंदापूरला जायचं होतं, इथंच उतरलो. धरणाचं पाणी उतरून जुनं देऊळ वर आलंय म्हणे. ते बघत बसलो, शेवटची एसटी गेली. इथले एक शेतकरी, सोपानदादा, त्यांनी ठेवून घेतलं — उसात उंदराचं औषध टाकायचं, झोपायला शेतातली पाण्याच्या मोटारीची खोली. तीन-चार दिवसांत निघतो.

६ एप्रिल
खोलीच्या माळ्यावर फुसफुस. साप समजून काठी घेऊन चढलो — घुबडाची तीन पिल्लं! तोंडं मधोमध कापलेल्या सफरचंदासारखी.
सोपानदादांची बायको, रतनवहिनी, डबा घेऊन आली ती दारातच थांबली. सातवा महिना आहे. मागचं बाळ गेलं तेव्हा पत्र्यावर घुबड बसलं होतं म्हणे. "भावजी, तेवढं काढून टाका वो." हात पोटावर. बरं म्हणालो.

८ एप्रिल
काढलं नाही.

१० एप्रिल
उसाच्या सरीत मोठं घुबड मरून पडलंय, पिल्लांची आईच असणार. पंज्यात अर्धा उंदीर. कालच एक उंदीर भर उन्हात झिंगल्यासारखा चालताना पाहिला होता. औषध मी टाकलं, ते उंदरानं खाल्लं, उंदीर हिनं.
शाळेत फळ्यावर असायचं — गवत, नाकतोडा, बेडूक, साप, मधे बाण. मला वाटायचं, कोण कुणाच्या मागं लागतं त्याचा तो बाण. उलटं आहे. बाण खाणाऱ्याकडं जातो. औषध त्याच वाटेनं गेलं.
उरलेलं औषध पुरून टाकलं. जोडीतलं दुसरं घुबडही दिसत नाही. निघायचं राहिलं.

११ एप्रिल
पिल्लं दिवसभर ओरडतायत. वहिनीला सांगितलं, आई मेली.
"मग खात्यात काय ती?"
"उंदीर."
डबा ठेवून गेली.

१२ एप्रिल
वहिनीच्या एका हातात डबा, दुसऱ्यात पिंजरा. आत दोन उंदीर. "आमच्या कणगीतलं हायत. औषध खाल्ल्यालं न्हाईत." आत मात्र आली नाही.

१५ एप्रिल
सोपानदादा म्हणाले, "पाव्हणं, तुमाला उंदीर मारायला ठिवलं, तुमी तर वाढाय लागला."
वहिनी म्हणाली, "वाढती मी. ते नुसतं शिडी चढत्यात."

१८ एप्रिल
धाकट्याला अख्खा उंदीर गिळत नाही. वहिनीनं नाकाला पदर लावून जुन्या विळ्यानं तुकडे केले. मग पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. खालून वर बघत राहिली. "थोरलं धाकट्याला ढकलतंय बघा, भावजी. त्याला आधी द्या."

२० एप्रिल
सकाळी माळ्यावर ताजा उंदीर, बिनडोक्याचा. मी ठेवला नाही. वहिनीला विचारलं. तिनंही नाही.

२१ एप्रिल
दिवेलागणीला त्यांच्या ओसरीवर जेवत होतो. पत्र्यावर घुबड ओरडलं. दादा काठी घेऊन उठले.
"बसा," वहिनी म्हणाली. "बाप हाय त्यांचा."