चुलीपुढच्या बाईंचं तिकीट

बाबा,

घरातल्या बायकांवर लिहितात म्हणून तुम्ही ज्यांना ‘चुलीपुढची बाई’ म्हणायचात, त्या बंगाली कादंबरीकार बाईंचं टपाल तिकीट काल निघालं. इथेच, कोलकात्यात. ऐकताय ना?

गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. शेजारच्या काकीमांकडून आई बंगाली शिकली ती याच बाईंना वाचता यावं म्हणून. कुकरच्या शिट्या होताहेत आणि ती ओट्याला टेकून वाचतेय. एकदा भात करपला. तुम्ही तिच्या हातातलं पुस्तक घेऊन कपाटावर टाकलंत आणि तुमच्या तिकिटांच्या अल्बमवर हात ठेवून म्हणालात, “देश ज्यांना तिकिटावर छापतो ती माणसं मोठी. हिला कोण छापणार आहे?” स्टुलावर चढून ते पुस्तक मी खाली काढलं, तुमच्या डोळ्यांदेखत. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

काल आईला घेऊन समारंभाला गेले. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, गुडघे दुखत असूनही आई जागची हलली नाही. पुण्याहून दादाचा फोन आला, तिकिटांचा अख्खा ताव घ्या, चिमट्यानंच धरा, बाबांच्या अल्बममध्ये शोभेल. आईनं ताव घेतला खरा, पण तिथल्याच बाकावर बसून एकेक तिकीट सुटं केलं, जिभेनं ओलं केलं आणि घरून लिहून आणलेल्या पाकिटांवर चिकटवलं. काउंटरवरचे गृहस्थ कळवळले, मासिमा, ही जपून ठेवायची असतात. आई त्यांना बंगालीत म्हणाली की कपाटावर पुष्कळ राहिल्या या बाई, आता हिंडू देत. पाकिटं कुणाला, तर सगळ्या आत्यांना. त्याच, ज्या तिच्या वाचनाला हसायच्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तुमचा चेहरा बघायला तुम्ही हयात नाही याचंच वाईट वाटलं.

एक तिकीट उरलं.

“हे ह्यांना,” आई म्हणाली.

“अल्बममध्ये लावू?”

“नको. पत्र लिही. त्यांनाही कळू दे.”

तिला तुमचा राग नाही, बाबा. मला आहे. तिच्या सांगण्यावरून लिहायला बसले, पण तुमचा पत्ता असता तरी हे तिकीट मी तुमच्यावर खर्च केलं नसतं. आईनं विचारलं तर सांगणार आहे, पत्र पेटीत टाकलं म्हणून.